आनेकलची खंडेनवमी

बेंगळूरला जाऊन आले म्हटल्यावर साताऱ्यात सगळ्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. हवा कशी होती, आणि साड्या कशा मिळाल्या. हवा छान होती. साडी एकच घेतली, तीही नणंदेने पदर धरून दुकानात नेलं म्हणून. तेवढ्यावर माझा प्रवास संपला असता तर मी लिहायला बसलेच नसते. पण त्या दहा-बारा दिवसांत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती चुकून घडली असं मी तिथे सगळ्यांना सांगितलं. घरी येऊन आता तीन महिने होत आले, तरी ते खरं होतं की नाही हे माझं मलाच ठरवता येत नाही.

मी मुलींच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली बाई. पेटी माझी, आवाज बेताचा आणि स्वभाव तिखट, असं शाळेत म्हणत. निवृत्तीनंतरचं पहिलंच नवरात्र होतं. घरी घट बसवायला धाकटी जाऊ होती, तेव्हा कुसुमचं जुनं आमंत्रण मनावर घेतलं आणि निघाले.

चामराजपेट, तिसरी माळ

कुसुम माझी नणंद. तिचं सासर चामराजपेटेत. तिचे यजमान अनंतराव यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे उतरलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी ऐकताना मला पहिले दोन दिवस सारखं हसू येई. "या वहिनी, बस लेट झाली का स्वल्प?" असं त्यांनी दारातच विचारलं. स्वल्प म्हणजे थोडी. आपल्याकडे हा शब्द कीर्तनकार वापरतात, इथे रिक्षावाला वापरतो. माझी कुसुमही आता आळीची कुसुमक्का झाली होती आणि बोलता बोलता "सरी, सरी" म्हणत मान डोलवत होती. सरी म्हणजे बरं, ठीक.

नवरात्रात आपण घट बसवतो, हे लोक बाहुल्या मांडतात. पायऱ्या पायऱ्यांवर पांढरं धोतर अंथरून त्यावर देव, राजे, वाणी, शाळामास्तर, सगळी मातीची नि लाकडाची मंडळी. सर्वांत वर नवराबायकोची लाकडी जोडी. ती मुलीला लग्नात माहेराहून मिळते. कुसुमला माहेराहून पितळी समई मिळाली होती, बाहुल्या नाहीत. मग सासूबाईंनी आपली जोडी तिला दिली. संध्याकाळी शेजारणी येतात, एखादं पद म्हणतात, हळदीकुंकू आणि वाटीभर उसळ घेऊन जातात. तिला इथेही उसळीच म्हणतात. एवढ्या लांब येऊन उसळच मिळाली, असं मी म्हटलं तेव्हा अनंतराव खूप हसले.

दुसऱ्या संध्याकाळी मलाही पद म्हणायला लावलं. मी गात असताना माडीवरून एक गोरा माणूस खाली आला आणि दाराशी जमिनीवर मांडी घालून बसला. पंचेचाळिशीचा असेल. उंच, खांदे पडलेले, दाढी पांढरी होऊ लागलेली. हा डेनिस. कुसुमच्या माडीवर दीड महिन्यापासून भाड्याने राहत होता. आळीतली पोरं त्याला डेनिसअण्णा म्हणत, आणि तो कुसुमक्काच्या हातचा भात तिन्ही त्रिकाळ जेवत असे.

पद झाल्यावर त्याने मला इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडच्या तंबोऱ्याची चौथी तार कशाची असते? माझं इंग्रजी शाळेतल्या परिपत्रकांपुरतं. तरी कळलं, कारण प्रश्न माझ्या विषयाचा होता. ती खर्जाची तार, पितळेची, जाड. "तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते का?" असते कधी कधी, मी म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, "माझे वडील जन्मभर तेच काम करत होते. तारेवर तार गुंडाळायचं."

गांधी बाजार, बसवनगुडी

दोन दिवसांनी कुसुमला देवीला जायचं होतं, म्हणून आम्ही सगळे बसवनगुडीत गेलो. डेनिस बरोबर होता. गांधी बाजारात फुलांचे नुसते ढीग लागले होते. आपल्याकडे दसऱ्याला झेंडू, इथे शेवंती हातावर मोजून देतात. एका हातभर माळेसाठी कुसुम कानडीत असं काही भांडली की मला तिची आईच आठवली. मग एका जुन्या उपाहारगृहात डोसा आणि कॉफी. डोसा बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्याने इतका मऊ, की मी आमच्या साताऱ्याच्या डोशाला मनातल्या मनात नावं ठेवली. कॉफी पितळी वाटी-पेल्यात येते आणि ती उंचावरून ओतून निववायची. मी ओतायला गेले आणि अर्धी पदरावर घेतली.

तिथे डेनिस बोलला. अनंतराव मधूनमधून मला समजावत होते. तो जे बोलला ते मी माझ्या भाषेत लिहिते.

त्याचं गाव ओहायो राज्यातलं. गावात एकच मोठा कारखाना, वाद्यांच्या तारांचा. गिटार, पियानो, बेस, सगळ्यांच्या. डेनिसचा बाप तिथे कामाला, चुलते तिथेच, आणि डेनिस गिटार वाजवून गाणी म्हणणारा. कामगारांच्या सभागृहात दर शनिवारी तो गायचा. संपात फाटकाशी गायचा. एका निवडणुकीत एक पुढारी डोक्यावर कामगारांची टोपी घालून फाटकाशी आला. डेनिसच्या बापाचा हात हातात घेऊन म्हणाला, तुमचं काम कुठेही जाऊ देणार नाही. त्याचा फोटो बापाने चौकट करून भिंतीवर लावला. त्याच पुढाऱ्याने निवडून आल्यावर व्यापार खुला करणाऱ्या करारावर सही केली. दोन वर्षांत कारखाना बंद झाला.

"मग दुसऱ्या पक्षाला मत द्यायचं," मी म्हटलं. आम्हांला नागरिकशास्त्रात तेच शिकवलेलं.

"दुसऱ्याने त्याच्याही आधी सही केली असती," तो म्हणाला. "आमच्याकडे पक्ष दोन आहेत, मालक एकच."

काम गेलं तसा बापाचा आजारपणाचा विमाही गेला, कारण तिथे विमा नोकरीला बांधलेला असतो. हे मला खरंच वाटेना. अमेरिकेत माणूस औषधावाचून राहतो? राहतो, डेनिस म्हणाला. बापाच्या छातीत दुखायचं. तो दवाखान्यात जायला घाबरायचा. दुखण्याची भीती नव्हती, घर जाईल याची होती. शेवटी दवाखान्यात गेला तेव्हा बिलापायी घरही गेलं आणि पुढच्या हिवाळ्यात बापही. ज्या साहेबाने कारखाना बंद केला त्याला बंद केल्याबद्दल बक्षीस मिळालं. हे सांगताना डेनिस हसला, आणि ते हसणं मला सहन झालं नाही.

सभागृहात आता स्वस्त मालाचं दुकान आहे. दारूचे गुत्ते उरले, तिथे लोक म्हणतात, प्रेमाचं म्हण, रडकं नको. त्याआधीही, आखाती युद्धाच्या वेळी, त्याने युद्धाविरुद्ध एक गाणं म्हटलं तर त्याच्याच शाळासोबत्याने बाटली फेकून मारली. भुवईवर त्याची खूण होती.

अनंतराव इतका वेळ नुसतं मला समजावून सांगत होते. ते स्वतः एका सरकारी कारखान्यात हिशेबनीस होते आणि नुकतीच त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली होती. "स्वेच्छा हा शब्द छान आहे ओ," ते म्हणाले. "पण इच्छा कुणाची ते कागदात लिहिलं नव्हतं."

माडीवर, सातवी माळ

डेनिस बेंगळूरला का आला, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. कारखाना बंद झाल्यावर त्यातली मशिनं विकली गेली. खोक्यांत भरणारा माणूस बापाचा मित्र होता. बापाचं मशीन ज्या खोक्यात गेलं त्याच्यावरचा पत्ता त्याने लिहून घेतला. तो पत्ता आनेकलजवळचा होता, इथून बसने दीड-दोन तासांवर. डेनिसने तिथल्या मालकाला पत्र घातलं. मालकाचं उत्तर फार प्रेमाचं होतं. आयुधपूजेला या, त्या दिवशी सगळ्या मशिनांची पूजा असते, कामगार घरच्यांना घेऊन येतात, तुम्ही एक गाणंही म्हणा. अमेरिकेचा पाहुणा पूजेला आला तर कारखान्याची शोभा वाढेल, असा मालकाचा विचार असावा.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. आपल्याकडे ती कोयता-कुदळीला हळदीकुंकू वाहून दहा मिनिटांत उरकते. इथे मात्र सगळं शहर ती करतं.

डेनिसने एक गाणं केलं होतं. ते त्याला तिथे म्हणायचं होतं. त्याने मला माडीवर बोलावून म्हणून दाखवलं आणि कागदावर लिहिलेले शब्दही दिले. मी शब्दकोश घेऊन बसले. पहिलं कडवं बापाचं होतं. फाटक, टोपीवाला पुढारी, छातीतलं दुखणं. चाल साधी, चारच सुरांत फिरणारी, पण तिसऱ्या ओळीला सूर असा खाली यायचा की माझे डोळे भरून आले. शाळेत इतकी वर्षं बसवलेल्या स्वागतगीतांत एवढा खरा सूर एकदाही लागला नव्हता.

दुसरं कडवं मात्र ऐकून माझं डोकं तडकलं. त्यात होतं की समुद्रापलीकडच्या लोकांनी वाडगाभर भातासाठी माझ्या बापाचे हात विकत घेतले.

"हे काढा," मी म्हटलं. माझं इंग्रजी रागात बरं येतं. "भात खाणाऱ्यांनी काही विकत घेतलेलं नाही. तुम्हीही खाताच की भात."

तो गोरामोरा झाला. मग म्हणाला, "माझ्याकडे एवढं एकच गाणं उरलंय. बाप गेल्यापासून दुसरं सुचलं नाही. मी ते तिकडे म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात, आणि नेमक्या दुसऱ्या कडव्याला वाजवतात. म्हणून मी आलो. ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या तोंडावर म्हणता आलं तर ते खरं. नाही आलं तर खोटं, आणि मग मी गिटार ठेवून देणार."

माणूस चुकीचं बोलत होता, पण स्वतःला सोडत नव्हता. मी कागद त्याला परत दिला आणि जिना उतरले.

आनेकलच्या वाटेवर

खंडेनवमीच्या सकाळी कुसुमला पाहुणे होते, म्हणून अनंतराव, डेनिस आणि मी असे तिघेच निघालो. मार्केटच्या रस्त्यावर कोहळ्यांचे डोंगर, केळीचे खुंट, चुरमुऱ्यांची पोती. रिक्षांना केळी बांधलेल्या, बसच्या टपावर फुलं, कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीलाही कुंकू. गाडीपुढे कोहळा फोडायचा, त्यात कुंकू कालवलेलं असतं, आणि रस्ताभर त्याचा लाल लगदा पसरतो.

इथल्या बसमध्ये बायका पुढच्या दाराने चढतात आणि पुढे बसतात, पुरुष मागे. मला हे फार आवडलं, कोपराने ढकलाढकली करावी लागत नाही. डेनिसला मागे उभं राहावं लागलं. गर्दीत गिटार मोडेल म्हणून त्याने ती खिडकीतून माझ्या मांडीवर दिली. शहर सुटल्यावर निलगिरीची झाडं आणि नाचणीची शेतं लागली. इकडच्या नाचणीचं कणीस आपल्या कोकणातल्यापेक्षा टपोरं वाटलं.

आनेकलच्या स्टँडवर उतरले आणि कोहळ्याच्या लगद्यावरून सरळ घसरले. गिटार वर धरली, मी खाली. नवी साडी लाल. डेनिसने मला उचललं आणि आधी माझा गुडघा पाहिला, मग गिटार. ही गोष्ट मी त्याच्या खात्यावर चांगली म्हणून मांडून ठेवली.

कारखाना म्हणजे सिमेंटच्या पत्र्याची लांब शेड. वीस-पंचवीस कामगार, बहुतेक बायका, सगळ्या नवी साडी नेसून, अंबाड्यात शेवंती. मालक रंगप्पा पांढऱ्या धोतरात, अगदी अगत्याचा. चपला बाहेर काढून आत गेलो. ओळीने सात-आठ मशिनं, केळीच्या खुंटांत झाकलेली. शेवटचं हिरव्या रंगाचं होतं. त्याच्यावर एक लहान पितळी पट्टी होती आणि तिच्यावर डेनिसच्या गावाचं नाव. कुणीतरी त्या नावावर भस्माची तीन बोटं ओढली होती. डेनिस तिथे जाऊन उभा राहिला. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती, आवाज नव्हता.

त्या मशीनवर काम करणारी बाई मंगळम्मा. चाळिशीची, सावळी, बांध्याने बारीक. पाहुण्या बाईचा मान म्हणून तिने हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं. माझ्या एका हातात अजून गिटार होती.

आता झालं ते असं. छत्तीस वर्षं खंडेनवमीला माझं पहिलं कुंकू माझ्या पेटीला लागलं आहे. मी बोट कुंकवात बुडवलं आणि गिटारीला लावलं. वर हळद, तारांत एक फूल. मग ती मशीनच्या पायाशी टेकवून ठेवली आणि मशीनला कुंकू लावलं. बायकांनी माना डोलावल्या. पुजाऱ्याने आरती केली, कोहळा फुटला, चुरमुरे आणि बुंदी वाटली गेली.

मग रंगप्पा उभे राहून म्हणाले, आता अमेरिकेचे पाहुणे गाणं म्हणतील. डेनिस गिटार उचलायला वाकला, आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "अय्यो, बेडा! बेडा!" नको, नको. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, पूजेला बसलेलं वाद्य वाजवत नाहीत. हे मला ठाऊक होतं. आमच्या घरीही पेटी त्या दिवशी मुकी असते.

अनंतरावांनी त्याला हलक्या आवाजात सांगितलं, "डेनिसअण्णा, आज नाही वाजवायची. उद्या सकाळी. आज ती बसली आहे."

डेनिसने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चुकून झालं, सवयीने हात गेला. हात सवयीनेच गेला होता. पण गेल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

पाप

डेनिसने खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "मी वाचतो." अनंतरावांनी एकेक ओळ कानडीत सांगायची असं ठरलं. अनंतरावांचा चेहरा उतरला होता, कारण दुसरं कडवं मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

पहिलं कडवं वाचलं. बाप, फाटक, टोपी, दुखणं, गेलेलं घर. मंगळम्माने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "अय्यो, पाप!"

डेनिसने मला विचारलं, ती काय म्हणाली? आणि मी, मोठी मराठीची अभिमानी, पटकन सांगून मोकळी झाले, "ती म्हणते, हे पाप आहे."

"कुणाचं?" डेनिस म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "विचारा तिला. कुणाचं पाप?"

अनंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, वहिनी! इथे पाप म्हणजे ते नव्हे हो. पाप म्हणजे बिचारा. ती त्याच्या बापाला म्हणतेय, बिचारा म्हणून. अष्टे. तेवढंच." आणि त्यांनी डेनिसला इंग्रजीत सांगितलं.

डेनिसने मंगळम्माकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने पुढची ओळ वाचायला कागद वर केला. वाचता आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग कागद घडी घालून हातात धरला. मला त्याची इतकी कीव आली की मी सुद्धा मनात पाप म्हटलं, त्यांच्या अर्थाने.

तो मशीनकडे वळला तेव्हा तोंड लपवायला वळला असं मला वाटलं. पण तो वाकून काहीतरी बघू लागला. तार फिरते त्या जागेच्या वर मशीनच्या अंगाला चार भोकं होती, रिकामी. "इथे जाळी होती," तो म्हणाला. "जाळी कुठे आहे?"

कुणाला कळेना. तो हातांनी दाखवू लागला. खालची तार गरगर फिरते, वरची बारीक तार बोटांनी तिच्यावर धरायची. बारीक तार तुटली की चाबकासारखी येते. म्हणून मध्ये जाळीचं झाकण. मंगळम्माने काही न बोलता डावा हात पुढे केला. दोन बोटांना चिंधी होती, आणि तिच्या मागच्या बाईनेही आपला हात पुढे केला. डेनिस म्हणाला, "माझ्या बापाची दोन बोटं अर्धी होती. त्यानंतर त्यांनी जाळी मागितली."

"मशीन असंच आलं, सर," रंगप्पा म्हणाले. "जाळी खोक्यात नव्हती. जाळीने काम हळू होतं, म्हणून विकणाऱ्यांनीच काढली असणार."

"तुम्ही बसवा."

रंगप्पा वाईट माणूस नव्हता. तो हसला ते सुद्धा अदबीने. "सर, तिकडे जाळी बसवली, सगळं बसवलं. म्हणून तर मशीन इकडे आलं ना? मी बसवली तर ते पलीकडे तमिळनाडूत होसूरला जाईल. मग या बायका काय करणार?"

डेनिसने हातातला कागद उलटा केला, मशीनवर ठेवायला गेला, आज ते पूजेला बसलंय हे आठवलं म्हणून जमिनीवर ठेवला, आणि गुडघे टेकून जाळीचं चित्र काढू लागला. बिजागरी कुठे, स्क्रू कुठे, भोकांमधलं अंतर बोटांनी मोजून. अनंतराव शेजारी बसून कानडीत नावं लिहू लागले.

मंगळम्मा खाली बसली. तिने अनंतरावांमार्फत विचारलं, "तिथे जाळी कोणी मागितली आधी?"

"माझ्या बापाने."

"मग काय झालं त्यांचं?"

"तीन महिने काम दिलं नाही."

"आणि जाळी?"

"चार वर्षांनी."

रंगप्पांनी कागद घ्यायला हात पुढे केला, बघू या, पुढच्या वर्षी बघू या, म्हणाले. मंगळम्माने कागद उचलून घडी केली आणि पदराच्या गाठीत बांधला. दुसरं कडवं आतल्या बाजूला होतं, आणि तिला वाचता येत नव्हतं.

दसरा, आणि नंतर

परतीच्या बसमध्ये गिटार पुन्हा माझ्या मांडीवर. दसऱ्याच्या सकाळी कुसुमने सरस्वतीची पूजा उचलली आणि डेनिसने गिटार हातात घेतली. मी त्याच्यापाशी जाऊन म्हटलं, काल मी तुमच्यावर अन्याय केला. तुम्हांला ठरवू द्यायला हवं होतं. तो म्हणाला, "मी ठरवलं. गिटार असती तर ठरवलं नसतं, नुसतं गायलो असतो." त्याने पहिलं कडवं वाजवलं. पुढे काही वाजवलं नाही. मी रडले, आणि कुसुमने मला पाहिलं, याची मला लाज वाटत नाही.

नोव्हेंबरात तो परत गेला. तो तिकडे गातो की नाही हे मला माहीत नाही.

संक्रांतीला तिळगुळाबरोबर कुसुमचं पत्र आलं. अनंतराव मध्ये एकदा आनेकलला जाऊन आले. दिवाळीनंतर मंगळम्मा आणि आणखी सहा बायका दोन दिवस मशिनांपुढे नुसत्या हात बांधून बसल्या. तिसऱ्या दिवशी रंगप्पांनी गावच्या लोहाराकडून जाळी करून घेतली, एकच, हिरव्या मशीनला. पाहुणे आले तर ते दाखवता येतं. मंगळम्माला त्याच आठवड्यात पुड्या बांधण्याच्या कामावर घातलं. तिथे पगार कमी आहे, आणि बाकीच्यांशी बोलायला मिळत नाही. हिरव्या मशीनवर आता दुसऱ्या गावची एक बाई असते. अनंतरावांनी तिला विचारलं, जाळी बरी आहे का? ती म्हणाली, फार बरी आहे, अमेरिकेतून मशीनबरोबरच आली आहे.